खौफ आणि एहतियात : शार्कचे पाणबुडे आणि अस्वलाचे शेजारी

मुलांना विचारून पाहा, "सर्वांत भयंकर जनावर कोणते?" वाघ, सिंह, नाग ही नावे येतातच. पण अलीकडे आणखी एक नाव हमखास ऐकायला मिळते, ते म्हणजे शार्क. आपला बुलढाणा जिल्हा समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आहे. मेहकर, देऊळगाव राजा, जळगाव जामोद या भागांतल्या कितीतरी मुलांनी समुद्र डोळ्यांनी पाहिलेला नाही. तरीही पांढरा शार्क, त्याचे करवतीसारखे दात आणि पाण्याबाहेर आलेले ते तिकोनी पर त्यांना तोंडपाठ आहेत. मोबाईलने ही भीती घराघरांत पोहोचवली आहे.

या भीतीचा उगमही तसा ठाऊक आहे. १९७४ साली पीटर बेंचली या अमेरिकन लेखकाची 'जॉज' ही कादंबरी आली आणि १९७५ साली तिच्यावर चित्रपट निघाला. एक प्रचंड पांढरा शार्क माणसांच्या पाठीमागे लागतो, अशी ती कथा. चित्रपट जगभर चालला. लोक पोहायला घाबरू लागले आणि दुसरीकडे शार्क मारून त्याच्याशेजारी फोटो काढण्याचा शौकही वाढला. स्वतः बेंचली यांना पुढे याचे फार वाईट वाटले. आयुष्याची नंतरची अनेक वर्षे त्यांनी शार्क वाचवण्याच्या कामाला दिली.

पण ज्यांना खरोखरच त्या पाण्यात उतरावे लागते, त्या पाणबुड्यांना, म्हणजे डायव्हर लोकांना काय वाटते?

ज्याला शार्क चावला, त्याचे काय झाले?

ऑस्ट्रेलियातील रॉडनी फॉक्स या पाणबुड्याची हकीकत याबाबत बोलकी आहे. डिसेंबर १९६३ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याजवळ पाण्याखाली भाल्याने मासे मारण्याची स्पर्धा चालू होती. फॉक्स तेव्हा विशीतला तरुण होता. पांढऱ्या शार्कने त्याला छातीपाशी जबड्यात धरले. बरगड्या मोडल्या, फुफ्फुस उघडे पडले, हातही फाटला. अंगावरच्या घट्ट रबरी पोशाखामुळे शरीर कसेबसे एकत्र राहिले. साथीदारांनी त्याला गाडीत घालून दवाखान्यात नेले. शेकडो टाके पडले, पण तो वाचला.

असा माणूस पुन्हा पाण्याकडे फिरकणार नाही, असे कोणीही म्हणेल. फॉक्स मात्र काही महिन्यांतच पाण्यात उतरला. पुढे त्याने शार्क जवळून पाहण्यासाठी लोखंडी पिंजरा तयार केला, शास्त्रज्ञांना आणि छायाचित्रकारांना समुद्रात नेले आणि पांढऱ्या शार्कच्या रक्षणासाठी तो जन्मभर बोलत राहिला.

याचा अर्थ त्याची भीती संपली, असा नाही. जाणते पाणबुडे शार्कला घाबरतात, पण त्या भीतीचे त्यांनी नियम बनवले आहेत. पहाटे आणि तिन्हीसांजेला पाण्यात उतरायचे नाही, कारण शार्कच्या शिकारीची ती वेळ असते. सील नावाचे प्राणी जिथे जमतात तिथे जायचे नाही, कारण ते शार्कचे खाद्य आहे. मारलेला, रक्त गळणारा मासा कमरेला बांधून पोहायचे नाही. एकट्याने उतरायचे नाही. शार्क दिसला तर धडपड करायची नाही, त्याच्याकडे पाठ फिरवायची नाही, त्याच्यावर नजर ठेवून सावकाश मागे सरकायचे.

आपल्या घरात रोज वापरात असलेले दोन शब्द इथे आठवतात, खौफ आणि एहतियात. खौफ माणसाला गोठवून टाकतो किंवा त्याच्या हातात दगड देतो. एहतियात त्याला विचार करायला लावते की कुठे जायचे, केव्हा जायचे, कसे जायचे. पाणबुड्यांनी खौफाची एहतियात केली, म्हणून ते पाण्यात जाऊन परत येऊ शकतात.

आता थोडे आकडे पाहू. फ्लोरिडा विद्यापीठाच्या संग्रहालयात जगभरातल्या शार्क हल्ल्यांची नोंद ठेवली जाते. माणसाने डिवचले नसताना झालेले हल्ले २०२४ साली संपूर्ण जगात ४७ होते. याउलट आपल्या देशात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे दगावतात, असा २००० ते २०१९ या काळाचा अभ्यास सांगतो. पांढरा शार्क तर भारताच्या किनाऱ्याजवळ सहसा आढळतच नाही. म्हणजे आपली मुले जिथे कधी जाणार नाहीत तिथल्या जनावराला घाबरतात आणि बांधावरच्या गवतात मात्र अनवाणी, टॉर्चशिवाय फिरतात.

वर्गातला एक निबंध

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. एकदा आठवीच्या मुलांना 'मला वाटणारी भीती' या विषयावर लिहायला सांगितले होते. बऱ्याच मुलांच्या वह्यांत शार्क, भूत आणि गणिताचा पेपर होता. घाटाकडच्या एका वस्तीवरून येणाऱ्या मुलाने मात्र अस्वलावर लिहिले. त्याच्या निबंधात 'भयंकर', 'क्रूर', 'राक्षसी' असा एकही शब्द नव्हता. अस्वल कोणत्या नाल्याने उतरते, सीताफळे पिकली की कोणत्या बाजूला येते, त्याचे दादा रात्री पाणी द्यायला जाताना मोठमोठ्याने खाकरत का जातात, हे त्याने लिहिले होते. शेवटी एक वाक्य होते : "आमच्याकडे अंधारात गप्प चालत नाहीत."

तेराचौदा वर्षांच्या त्या मुलाकडे जाणत्या पाणबुड्यासारखी एहतियात होती. आपल्या जिल्ह्यात भीतीबद्दल बोलायचे तर शार्क सोडून अस्वलाबद्दलच बोलले पाहिजे.

आपला शेजारी

बुलढाणा आणि खामगाव यांच्या मधल्या डोंगरांत ज्ञानगंगा अभयारण्य आहे. अजिंठ्याच्या रांगेतले हे जंगल सुमारे २०५ चौरस किलोमीटरचे. बोथ्याच्या घाटातून प्रवास करणाऱ्यांना ते ओळखीचे आहे. उत्तरेला संग्रामपूर तालुक्यात, सातपुड्याच्या कुशीत अंबाबरवा अभयारण्य आहे. या दोन्ही जंगलांत बिबट्याही आहे, पण कडेच्या गावांत विचारले तर लोक बिबट्यापेक्षा अस्वलाला जास्त घाबरतात. जुनी माणसे म्हणतात, बिबट्या माणूस पाहून बाजूला होतो, अस्वलाचा मात्र भरवसा नाही.

ही भीती खोटी नाही. अविभक्त मध्य प्रदेशात १९८९ ते १९९४ या पाच वर्षांत अस्वलांच्या हल्ल्यांत सापडलेल्या माणसांची संख्या सातशेहून अधिक होती आणि त्यांतले ४८ जण मरण पावले. शार्कचे जगभराचे आकडे याच्याशेजारी ठेवून पाहा. हॉलिवूडने मात्र अस्वलाच्या शेजारी राहणाऱ्या गोंड, कोरकू, धनगर किंवा मुसलमान शेतकऱ्यावर असा चित्रपट काढला नाही.

पण हे अस्वल माणसाची शिकार करायला येते का? अजिबात नाही. त्याचे मुख्य खाणे म्हणजे वाळवी आणि मुंग्या, त्यानंतर मध, बोरे, जांभळे, टेंभुर्णीची फळे, मोहाची फुले आणि सीताफळे. त्याच्या वरच्या जबड्यातले मधले दोन दात नसतात. त्या फटीतून ते वारुळातली वाळवी जोराने ओढून घेते. तेव्हा मातीचे कण नाकात जाऊ नयेत म्हणून नाकपुड्याही मिटून घेते. समोरच्या पायांची लांब, वाकडी नखे वारूळ फोडण्यासाठी असतात. ती नखे पाहून १७९१ साली जॉर्ज शॉ या इंग्रज शास्त्रज्ञाने त्याला झाडावर उलटे लटकणाऱ्या 'स्लॉथ' या आळशी प्राण्याच्या जातीत टाकले. चूक लवकरच लक्षात आली, पण इंग्रजीत 'स्लॉथ बेअर' हे नाव त्याला कायमचे चिकटले. प्रत्यक्षात ते आळशी नाही आणि माणसापेक्षा वेगाने धावते.

मग हल्ला का होतो? याची कारणे समजून घेण्यासारखी आहेत. अस्वलाचे नाक फार तेज असते, पण नजर आणि कान तितके तेज नसतात. वारुळात तोंड घालून ते मोठा आवाज करत खात असते. त्या आवाजात त्याला माणसाची चाहूल लागत नाही. माणूस अगदी जवळ पोहोचतो आणि दोघेही एकदम दचकतात. माणूस पळतो आणि अस्वल चालून येते. वाघाच्या जंगलात हजारो वर्षे राहताना अस्वलाने बचावाची एकच रीत शिकली आहे, ती म्हणजे पळण्यापेक्षा समोरच्यावर तुटून पडणे. मागच्या पायांवर उभे राहून ते माणसाच्या डोक्यावर आणि चेहऱ्यावर वार करते. मादीबरोबर पिल्ले असतील तर धोका अधिक. पिल्ले हिवाळ्यात गुहेत जन्मतात आणि पुढे कित्येक महिने आईच्या पाठीवर बसून फिरतात. आपल्या लेकरांसाठी जीवावर उदार होणाऱ्या आईला काय म्हणायचे, हे घरातल्या प्रत्येक अम्मीला ठाऊक आहे.

दरवेशी आणि त्याचे अस्वल

चाळिशी-पन्नाशीच्या वाचकांना अस्वलाची एक दुसरी आठवणही असेल. नाकात वेसण घातलेले अस्वल घेऊन दरवेशी गल्लीत यायचा. उत्तरेत या लोकांना कलंदर म्हणतात. यातले बहुसंख्य आपल्याच समाजातले. डमरू वाजायचा, अस्वल दोन पायांवर नाचायचे. मुलाची भीती जावी म्हणून त्याला क्षणभर अस्वलाच्या पाठीवर बसवायचे आणि अस्वलाचा केस ताईतात घालून गळ्यात बांधायचे. ज्या जनावराची जंगलात भीती, त्याचाच केस गल्लीत भीतीवरचा इलाज!

त्या खेळामागचे सत्य आपल्याला तेव्हा दिसत नव्हते. गुहेतून पिल्लू पळवताना बहुतेक वेळा आईला मारले जाई. तापलेल्या सळईने पिल्लाच्या नाकाला भोक पाडून दोर ओवला जाई. दात पाडले जात. नाच म्हणजे त्या दोराला बसणाऱ्या हिसक्याची वेदना होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हे बेकायदा ठरले, तरी खेळ अनेक वर्षे चालू राहिला. पुढे वाइल्डलाइफ एसओएस या संस्थेने शेकडो अस्वले सोडवून आग्रा आणि इतर ठिकाणच्या केंद्रांत ठेवली आणि २००९ साली देशातले शेवटचे नाचणारे अस्वल मुक्त झाले. या कामातली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. कलंदर कुटुंबांना नुसते गुन्हेगार ठरवून सोडून दिले नाही. पुरुषांना दुसऱ्या धंद्यासाठी मदत झाली, बायकांना शिवणकाम शिकवले गेले, मुले शाळेत गेली. जनावराची सुटका आणि माणसाची रोजी यांचा विचार एकत्र झाला, म्हणून ते टिकले.

तीन हजार किलोमीटर चाललेला वाघ

याच ज्ञानगंगेत २०१९ च्या डिसेंबरमध्ये एक पाहुणा आला. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेल्या या तरुण वाघाच्या गळ्यात शास्त्रज्ञांनी रेडिओ पट्टा बांधला होता. कागदोपत्री त्याचे नाव टी१ सी१. जून २०१९ मध्ये तो घर सोडून निघाला. तेलंगणाचा सीमाभाग, नांदेड, हिंगोली असे करत, शेतांतून, नाल्यांतून, रस्ते ओलांडत तेराशेहून अधिक किलोमीटर चालून तो आपल्या जिल्ह्यात पोहोचला. पुढच्या काळातले फिरणे धरले तर त्याची चाल तीन हजार किलोमीटरपर्यंत जाते.

कल्पना करा, वाटेत किती गावे लागली असतील आणि कापसाच्या, तुरीच्या किती शेतांत माणसे काम करत असतील. तो दिवसा दडून राहायचा आणि रात्री चालायचा. एवढ्या प्रवासात माणूस जखमी झाल्याची एकच घटना नोंदली गेली. काही लोक तो बसला होता त्याच झुडपात शिरले, तेव्हा एकाला इजा झाली. बाकी गावांना तो आपल्या शिवारातून गेला हे कळलेसुद्धा नाही. वाघानेही आपल्यापरीने एहतियात पाळली, असेच म्हणावे लागेल.

शौक आणि मजबुरी

इथपर्यंत पाणबुडे आणि आपण यांत साम्य दिसले. पण एक मोठा फरक आहे. पाणबुड्या शार्कच्या पाण्यात स्वतःच्या मर्जीने उतरतो. त्याच्याकडे पिंजरा असतो, वर बोट उभी असते. आपला शेतकरी हरभऱ्याला आणि गव्हाला पाणी द्यायला रात्री दोन वाजता जातो, कारण शेतीपंपाची वीज त्या आठवड्यात रात्रीची असते. तेंदूपाने तोडणारी बाई पहाटे जंगलात शिरते, कारण उन्हाच्या आधी पुडे बांधून झाले पाहिजेत. ज्या घरात संडास नाही त्या घरची मुलगी अंधारातच बाहेर पडते. हल्ला झाल्यावर आपण सहज म्हणून जातो, "कशाला गेला होता त्या वेळी?" हा प्रश्न जखमी माणसाला विचारण्याआधी त्याला त्या वेळी का जावे लागले, हे विचारले पाहिजे.

म्हणून एहतियातीचा काही भाग सरकारकडे मागावा लागतो. शेतीला दिवसा वीज मिळावी यासाठी राज्यात २०१७ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आहे. आपल्या फीडरला ती केव्हा जोडली जाणार, हा प्रश्न जंगलालगतच्या प्रत्येक ग्रामसभेत विचारला गेला पाहिजे. जंगलाला लागून असलेल्या वस्त्यांचा नंबर तर आधी लागायला हवा.

दुसरी गोष्ट घरातली आहे. अस्वलाच्या हल्ल्यातून वाचलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर खुणा राहतात. कोणाचा डोळा जातो, कोणाचा ओठ वाकडा होतो. असा माणूस तोंडाला रुमाल बांधून फिरतो, शादी-ब्याहला जायचे टाळतो. त्याच्याकडे टक लावून पाहणे, मुलांना त्याची भीती घालणे हे अस्वलाच्या नखांइतकेच लागते. दावतीत त्याला शेजारी बसवून घेणे आणि नेहमीसारखे बोलणे, एवढे आपल्या हातात नक्कीच आहे.

हे लक्षात ठेवा

अस्वलाच्या मुलखात राहणाऱ्यांनी आणि तिकडे पाहुणे म्हणून जाणाऱ्यांनी पुढील गोष्टी घरात सर्वांना सांगाव्यात.

पहाटे, तिन्हीसांजेला आणि रात्री जंगलालगत एकट्याने जाऊ नये. जावे लागलेच तर दोघे-तिघे मिळून, टॉर्च घेऊन, मोठ्याने बोलत किंवा काठी आपटत जावे. काठीला घुंगरू बांधले तर उत्तम. अस्वलाला आपली चाहूल आधी लागली तर ते बहुधा स्वतःच वाट बदलते.

दाट झुडपे, कपारी, नाल्याची वळणे आणि ताजी फोडलेली वारुळे दिसली की थांबून आवाज द्यावा. सीताफळ आणि बोरांच्या दिवसांत मुलांना एकटे पाठवू नये.

अस्वल दूर असेल तर पळू नये, दगड मारू नये, मोबाईल काढू नये. त्याला वाट मोकळी ठेवून सावकाश मागे सरकावे. झाडावर चढून सुटका होत नाही, अस्वलाला झाडावर चढता येते.

ते अंगावर आलेच तर पालथे पडावे, चेहरा जमिनीकडे करावा, दोन्ही हातांची बोटे मानेमागे गुंफावीत आणि ते निघून जाईपर्यंत हलू नये. चेहरा आणि मान वाचली तर जीव वाचण्याची शक्यता खूप वाढते.

अस्वल गावात शिरले किंवा विहिरीत पडले तर गर्दी करू नये. गर्दीने घाबरलेले जनावरच जास्त माणसे जखमी करते. वन विभागाचा १९२६ हा क्रमांक लावावा आणि पथक येईपर्यंत तरुणांना लांब ठेवावे.

जखमी माणसाच्या जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे आणि त्याला ताबडतोब दवाखान्यात न्यावे. धनुर्वाताच्या आणि रेबीजच्या लसीबद्दल डॉक्टरांना आवर्जून विचारावे. झाडपाला, हळद, राख जखमेत भरू नये. घटना ४८ तासांच्या आत वन कार्यालयाला किंवा पोलिसांना कळवावी. हल्ल्यात मृत्यू झाल्यास राज्य शासनाकडून वारसांना २५ लाख रुपयांपर्यंत मदत मिळते आणि जखमींसाठीही तरतूद आहे. नोंद वेळेवर नसल्यामुळे हा हक्क बुडू देऊ नये. शेजाऱ्याला लिहिता-वाचता येत नसेल तर त्याचा अर्ज आपण लिहून द्यावा.

शार्कचा व्हिडिओ पाहून मुले घाबरली तर त्यांना हसू नये, भीती वाटणे साहजिक आहे. त्याच वेळी त्यांना आपल्या शिवारातले अस्वल, नाग, विंचू यांच्याविषयीही सांगावे. ते काय खातात, केव्हा बाहेर पडतात, आपण काय करायचे, हे त्यांना कळू द्यावे. घरात दादा-नाना असतील तर त्यांनाच सांगायला बसवावे. अंधारात खाकरत का चालायचे, हे त्यांना कोणत्याही पुस्तकापेक्षा चांगले माहीत असते आणि ते मुलांना लवकर पटते.